नजरेआड सव्वादोन तास

काकांनी चौतीस वर्षं वजनमापं तपासली होती. जिल्ह्यातल्या एकेका काट्याच्या पारड्याखाली हात घालून पाहिला होता. ते लांबून येताना दिसले की दुकानदार आपोआप खरं तोलायला लागायचे, आणि ते गेले की दुकानदारांचे हात पुन्हा सैल व्हायचे. महिन्यातले वीस दिवस दौरा. गुरुवारी येतो म्हणून गेलेला माणूस शनिवारी उगवायचा. काकू शाळेत गणित शिकवायच्या. हजेरीपटावर नाव असलेल्या, पण वर्गात कधी न दिसणाऱ्या मुलाला धरावं तसं त्या नवऱ्याला धरून चालायच्या.

मग काका निवृत्त झाले आणि घरी आले. म्हणजे आलेच.

पहिल्या महिन्यात त्यांनी घरातली साखर, डाळ, तांदूळ तोलले. दुसऱ्या महिन्यात शेजाऱ्यांचे. तिसऱ्या महिन्यात गॅस सिलिंडर बाथरूममधल्या काट्यावर चढवायला गेले तेव्हा काकूंनी चप्पल घातली, आपल्या प्रार्थनामंडळीच्या कार्यालयात गेल्या आणि परदेशातल्या वर्षभराच्या सेवेसाठी दोघांची नावं देऊन आल्या. काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "तिथे नियमपुस्तिका आहे का?"

होती. बहात्तर पानांची. उतरल्या दिवशीच हातात पडली. काकांनी ती पेन घेऊन वाचली आणि सातव्या नियमाखाली दोन रेघा ओढल्या. 'सेवकाने आपल्या जोडीदाराला कधीही नजरेआड किंवा हाकेबाहेर जाऊ देऊ नये.'

"हे बघ," ते काकूंना म्हणाले. "स्पष्ट लिहिलंय."

काकूंनी चष्मा लावून वाचलं. काही बोलायला तोंड उघडलं, काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मिटलं.

तर तिथून हा प्रकार सुरू झाला.

काम अवघड नव्हतं. सकाळी प्रार्थनागृहाच्या मागच्या खोलीत बसून पत्रं फोडायची, फोन घ्यायचे. दुपारी आपल्या लोकांपैकी जे आजारी, एकटे असतील त्यांच्या घरी जायचं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी तरुण सेवकांच्या चार खोल्या तपासायच्या. मोरी, गाद्या, फ्रिज. ते काका जीव ओतून करत. एका फ्रिजमध्ये त्यांना असं काही सापडलं की त्यांनी ते आधी तोललं आणि मग टाकलं.

पण सगळं जोडीनं. काकूंची दाढ दुखली तेव्हा दोघंही खुर्चीपाशी गेले. दंतवैद्यानं दोघांनाही तोंड उघडायला सांगितलं, आणि काकांच्या दोन दाढा उगाचच भरून निघाल्या. काका केस कापायला गेले की काकू सलूनमधल्या बाकावर बसत. तिथे एकच मासिक होतं. पाचव्या महिन्यापासून सलूनवाला काकांना काही विचारेनासा झाला. कानावर किती ठेवू, हे तो काकूंकडे बघून विचारायचा, आणि काकू मासिकातून डोकं न काढता बोटांनी माप दाखवायच्या.

आंघोळीचा प्रश्न काकांनी 'हाकेबाहेर' या शब्दावर सोडवला. आत असताना ते मोठ्यानं भजन म्हणत. प्रत्येक कडव्याच्या शेवटी काकूंनी बाहेरून "हं" म्हणायचं. एकदा काकू "हं" म्हणायला विसरल्या, तर काका साबणासकट बाहेर आले.

हे सगळं साप्ताहिक अहवालात जायचं. अहवालात एक रकाना होता: जोडीदार पूर्णवेळ सोबत होता का? बाकीचे लोक 'होय' लिहून मोकळे होत. काका लिहीत, 'होय. अपवाद: मंगळवारी लिफ्टचा दरवाजा लवकर मिटल्यामुळे एकोणीस सेकंद. हाक चालू होती.'

लेकीचा रविवारी फोन यायचा. "बाबा, म्हणजे तुम्ही आणि आई चोवीस तास एकत्र?"

"नियमच आहे."

"आईला द्या जरा." आणि मग, काकांना ऐकू जाणार नाही अशा समजुतीनं, "आई, तू बरी आहेस ना? बरी नसशील तर एकदा खोक."

काकू खोकल्या नाहीत. पण हसल्याही नाहीत.

आठव्या महिन्यात काकांना कळलं की आपला जीव घुसमटतोय. ज्याच्या पायाला जन्मभर भिंगरी, त्याला दोन खोल्या, एक हातभर गॅलरी आणि एक बायको. बायकोविषयी तक्रार नव्हती. पण ती कायम तिथेच होती. डावीकडे बघावं तर ती, उजवीकडे बघावं तर तिची पर्स. ते बसून पाय हलवत. काकू म्हणत, "पाय." ते थांबवत आणि बोटं वाजवत. काकू म्हणत, "बोटं." मग ते उठून गॅलरीत जात, खालून जाणारी बस बघत आणि आत येत. दिवसातून तीस वेळा. काकूंनी एकदा मोजलं होतं.

आणि आता अकराव्या महिन्यात मुदतवाढीचा अर्ज आला. आणखी एक वर्ष. दोघांच्या सह्या हव्यात, एकट्याची चालत नाही. उत्तर बुधवार संध्याकाळपर्यंत.

काकूंनी सोमवारीच सही करून अर्ज टेबलावर ठेवला. त्यांना राहायचं होतं. इथे एक शिंपीणबाई होती, गुडघ्यांमुळे अंथरुणाला खिळलेली, डोळेही गेलेले. काकू तिला आठवड्यातून तीनदा वाचून दाखवायच्या. आधी शास्त्रातला एक अध्याय, मग कॉलनीतल्या बातम्या. बातम्यांना जास्त वेळ लागायचा. घरी परतलं तर आपली वाट बघणारं कुणी राहत नाही, आपण नुसती निवृत्त बाई होतो, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. काका त्या वेळात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून असायचे. शिंपीणबाईनं एकदा विचारलं होतं, "तो कोपऱ्यात श्वास घेतो तो कोण? वैद्याकडचा का?"

काकांना घरी जायचं होतं. त्यांना एकट्यानं कुठेतरी जायचं होतं. कुठे, ते महत्त्वाचं नव्हतं. नुसतं दारातून बाहेर पडून, मागून "किल्ली घेतली का?" न ऐकता, जायचं होतं. आणि नियम मोडायचा नव्हता. म्हणजे हा देशच सोडणं आलं.

बुधवारी दुपारी जेवणानंतर काकूंनी अर्ज त्यांच्यासमोर सरकवला.

"अहो, आज द्यायचाय."

"माहितीये."

"मग?"

काकांनी पाय हलवला, थांबवला. "मला एक तास पाहिजे."

"विचार करायला? करा की. मी बोलत नाही."

"तसा नाही. एकट्यानं. बाहेर." त्यांनी घसा साफ केला. चौतीस वर्षांत त्यांनी कुणाकडून चहाचा कपही घेतला नव्हता, आणि आता ते स्वतः सूट मागत होते. "आठवड्यातून एक तास. म्हणजे सातव्या नियमाचा भंग होतो, मला कल्पना आहे. अहवालात मी तसं लिहीन. पण तो तास मिळाला तर मी सही करतो. नाहीतर माझ्याच्यानं आणखी वर्ष होणार नाही. खरं सांगतोय."

काकांना वाटलं, आता ऐकावं लागणार.

"एकेक तास," काकू म्हणाल्या.

"काय?"

"तुम्हाला एक, मला एक. भंग करायचाच तर वाटून करू."

"तू कुठे जाणार?"

"तुम्ही कुठे जाणार?"

"ते ठरवलं नाही अजून."

"मग माझा आज," काकू म्हणाल्या. "चार ते पाच. तुमचं ठरलं की तुमचा." त्यांनी पर्स उचलली, स्वेटर चढवला, दारात चप्पल घातली आणि चार वाजता, म्हणजे अगदी चारला, निघून गेल्या.

काका खुर्चीतच राहिले. आपण मागितलेला तास आपल्यासमोरून उठून चालत गेला, हे लक्षात यायला त्यांना पाच मिनिटं लागली.

मग त्यांनी घरात एकट्यानं राहून बघितलं. पाय हलवला, कुणी काही म्हटलं नाही. बोटं वाजवली. बाथरूममध्ये जाऊन हात धुतले आणि सवयीनं भजनाचं एक कडवं म्हटलं. बाहेरून "हं" आलं नाही. दुसरं म्हणायची इच्छा राहिली नाही.

पाच वाजले. काका दारापाशी जाऊन उभे राहिले. पाच वाजून दहा मिनिटांनी त्यांनी दार उघडून ठेवलं. वीस मिनिटांनी गॅलरीत गेले. रस्त्यावर माणसं होती, पुष्कळ होती, आणि एकही काकू नव्हती. त्यांच्या मनात आलं की ती रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघते, आणि इथे गाड्या डावीकडून येतात. इतके दिवस तिला हाताला धरून ओलांडवणारे तेच होते.

साडेपाचला फोन वाजला. काका धावले. तिकडून सेवाप्रमुख होता. बेचाळिशीचा, आपल्याकडचाच, सगळ्यांना हसतमुखानं कामाला लावणारा.

"काका, अर्जाचं काय ठरलं? मी यादी पाठवतोय आता. काकू काय म्हणतात?"

"ती नाही."

"नाही म्हणतात?"

"नाही म्हणजे नाही. इथे नाही. दीड तास झाला. नजरेत नाही आणि हाकेतही नाही."

एकोणीस सेकंदांचा हिशेब देणारा माणूस दीड तास म्हणतोय, म्हटल्यावर प्रमुखाच्या तोंडचं पाणी पळालं.

"काका, बसा. खाली बसा. आलोच."

पंधरा मिनिटांत कार्यालयाची व्हॅन खाली उभी राहिली. प्रमुख आणि आठ तरुण सेवक. पायजम्यावर टाय लावलेला एक त्यांत होता. प्रमुखानं वही काढली.

"काका, घाबरू नका. अंगावर काय होतं त्यांच्या?"

"स्वेटर."

"रंग?"

काकांनी डोळे मिटले. मग उघडले. अकरा महिने, एकोणीस सेकंद वजा जाता, ज्या बाईवरून नजर हटवली नव्हती, तिच्या स्वेटरचा रंग त्यांना सांगता येईना.

"उंची एकशे पंचावन्न," ते म्हणाले. "वजन अठ्ठावन्न किलो दोनशे. चपलांसकट."

सेवकांनी एकमेकांकडे बघितलं. एकानं ते लिहूनही घेतलं.

शोध सुरू झाला. आठ जण म्हणजे आठ दिशा असं कुणालाही वाटेल. पण सेवकांना जोडीदार सोडता येत नव्हता, त्यामुळे चारच दिशा झाल्या आणि प्रत्येक ठिकाण चार डोळ्यांनी दोनदा तपासलं गेलं. एक जोडी शिंपीणबाईकडे गेली. ती म्हणाली, "बाई नाही आली. तो श्वासवाला सापडला का?" दुसरी जोडी सलूनमध्ये गेली. सलूनवाल्यानं ऐकलं मात्र, कंगवा हातात तसाच धरून रस्त्यावर आला. खुर्चीतलं गिऱ्हाईकही आलं, गळ्यात पांढरं कापड, डोक्याची एक बाजू कापलेली. ते म्हणालं, मला त्या बाई माहीत नाहीत, पण हा परत येईपर्यंत मी तिथे बसून काय करू.

सव्वासहाला ही सगळी वरात काकांच्या इमारतीखाली पुन्हा जमली. हाती काही नाही. प्रमुख पोलिसांचा नंबर शोधत होता. काका पायरीवर बसले होते आणि त्यांचा एकही अवयव हलत नव्हता.

समोर बस थांबली. काकू उतरल्या. स्वेटर हिरवा होता.

त्यांनी गर्दी बघितली, व्हॅन बघितली, कापड गुंडाळलेला माणूस बघितला आणि आवाज खाली आणून विचारलं, "कोण गेलं?"

"तुम्ही," एक सेवक म्हणाला.

"काकू, कुठे होतात?" प्रमुखानं कपाळ पुसलं. "काकांनी तर... दीड तास नजरेत नाही म्हणाले. मला वाटलं काय झालं नि काय नाही."

"बाहेर गेले होते. एक तासाचं ठरलं होतं, उशीर झाला. नियम मोडला म्हणून एवढी माणसं?"

"कुठला नियम?"

"सातवा," काका पायरीवरून म्हणाले. त्यांनी उभं राहून शर्ट सारखा केला. "चूक माझी आहे. सूट मी मागितली होती. माझ्या नावावर लिहा."

प्रमुख काकांकडून काकूंकडे आणि काकूंकडून काकांकडे बघत राहिला. "पण काका, सातवा नियम तुम्हाला नाहीये. तो ह्या पोरांना आहे. नवराबायकोची पुस्तिका छापून आली नव्हती म्हणून तुम्हाला पोरांची दिली. मी पहिल्याच दिवशी फोन केला होता. तुम्ही स्टुलावर चढून काहीतरी बघत होतात म्हणून काकूंनी घेतला. मी म्हटलं, ते जोडीचे नियम सोडून द्या, बाकीचं वाचा." तो थांबला. "ते लिफ्टचं वगैरे तुम्ही गमतीनं लिहीत नव्हतात?"

काका पुन्हा पायरीवर बसले.

"आम्ही कार्यालयात वाचून दाखवायचो," एक सेवक पुटपुटला. त्याच्या जोडीदारानं त्याच्या पायावर पाय दिला.

सलूनवाल्याला आपली भाषा कळत नव्हती, पण चेहरे वाचण्यात त्याची हयात गेली होती. त्यानं गिऱ्हाईकाचा दंड धरला आणि दोघं मुकाट्यानं निघून गेले. मग व्हॅन गेली. प्रमुख जाताना म्हणाला, अर्जाचं सात वाजेपर्यंत कळवा, मी यादी धरून ठेवतो.

वर आल्यावर काकूंनी पाय धुतले, चहा टाकला. काका टेबलाशी बसले. नियमपुस्तिका समोर होती. त्यांनी सातव्या नियमाचं पान उघडून दोन रेघा बघितल्या.

"अकरा महिने," ते म्हणाले.

"हो."

"साबण लावून बाहेर आलो होतो मी."

"आठवतंय."

"का नाही सांगितलंस?"

काकूंनी कप ठेवले आणि समोर बसल्या. "पहिल्या दिवशी तुम्ही तो नियम वाचलात ना, तेव्हा तुमचा चेहरा बघितला. घरी तीन महिने तांदूळ तोलताना जो चेहरा होता तो गेला होता. मला वाटलं, चार दिवस राहू दे. मग..." त्या थांबल्या. "खोटं कशाला बोलू. आवडलं मला. तुम्ही नुसते समोर बसलेले. कुठे गेलात, कधी येणार, काही विचारायला नको. चार महिने फार आवडलं."

"आणि पुढचे सात?"

"पुढचे सात महिने जीव नकोसा झाला," काकू म्हणाल्या. "पण सांगणार कसं? चार महिन्यांनी कुठल्या तोंडानं सांगायचं? रोज ठरवायचे, आज सांगते. तुम्ही आंघोळीला जायचात आणि गायला लागायचात. तुम्हाला काय वाटतं, तुम्हालाच गुदमरतं? तुम्ही निदान गॅलरीत तरी जायचात. मी 'हं' म्हणत दाराबाहेर उभी."

काकांनी चहा घेतला. गोड जास्त होता. आज त्यांनी ते सांगितलं नाही.

"गेली होतीस कुठे?"

"बस शेवटपर्यंत कुठे जाते ते बघायला. आपण कायम चौथ्या थांब्याला उतरतो."

"काय आहे तिथे?"

"काही नाही. बस वळवतात. ड्रायव्हर उतरून डबा खातो. मी पण उतरले. एक भिंत आहे, तिच्यावर बसले." काकू जराशा हसल्या. "चांगली भिंत आहे. बसलेच जरा."

"तासाभराचं ठरलं होतं."

"हो."

"माणूस इकडे वाट बघत असतो."

हे वाक्य तोंडातून गेल्यावर काकांनी कप खाली ठेवला. काकूंनी ते वाक्य उचललं नाही. चौतीस वर्षांत त्यांनी ते कितीदा म्हटलं असेल, आणि किती वेळा म्हणायचं राहिलं असेल, ते दोघांनाही माहीत होतं. आता त्यात आणखी घालण्यासारखं काही नव्हतं.

सातला दहा कमी होते. अर्ज टेबलावर होता, एका बाजूला काकूंची सही, दुसरी बाजू कोरी.

"बघा बाई," काकू म्हणाल्या. "म्हणजे बघा. नियम नाही आता. जायचं असेल तर जाऊ. मी पुन्हा नाव काढणार नाही. शिंपीणबाईला मी सांगेन."

काकांनी खिशातून पेन काढलं. ज्याला कंटाळून देश सोडायचा होता तो नियम गेला होता, आणि त्यांना अजून मोकळं वाटत नव्हतं. मोकळं वाटायला कुठेतरी जावं लागतं. इथून घरी गेलो तर काय करणार, याचा त्यांनी विचार केला आणि डोळ्यांसमोर गॅस सिलिंडर आला.

"बुधवार तुझा," ते म्हणाले. "शुक्रवार माझा. वेळेचं बंधन नाही. पण अंधार पडायच्या आत."

"चालेल. शुक्रवारी कुठे जाणार?"

"सांगणार नाही."

"बरं."

काकांनी सही केली. काकूंनी फोन उचलून प्रमुखाला कळवलं आणि भाजी चिरायला बसल्या. काका गॅलरीत जाऊन उभे राहिले. खालून बस गेली. ती कुठे जाते ते आता कळलं होतं, त्यामुळे ती बाद झाली. सलूनमध्ये एकट्यानं गेलं तर कानावर किती ठेवायचं हे कोण सांगणार? बाजारात गेलं तर काटे बघत बसणार, आणि कुणाशी तरी भांडण होणार. त्यांनी उजवा पाय हलवायला सुरुवात केली.

आतून कुणी "पाय" म्हटलं नाही.

शुक्रवारला दोन दिवस होते, आणि जायचं कुठे याचा काकांना काही पत्ता नव्हता.